खापर आणि आजचे चित्र एकाच दालनात असावे का? तालुक्याच्या गावातील संग्रहालयाविषयी

खापरवेडा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. वर्धा नदीच्या काठावरच्या आमच्या तालुक्याच्या गावी, कापसातून सरकी काढणाऱ्या, आता बंद पडलेल्या एका जिनाच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही काही जण मिळून एक लहानसे संग्रहालय चालवतो. तीन खोल्या, एक ओसरी आणि पूर्वी कापसाच्या गठाणी जेथे रचत ते गोदाम एवढाच त्याचा पसारा आहे. खोल्यांमध्ये आसपासच्या पांढरींवरून आलेली खापरे, दगडी मणी, भाजलेल्या मातीचे बैल, गंजलेली लोखंडी हत्यारे आणि तीन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, आहेत. गोदामात नागपूर, अमरावती, वर्धा येथे कलाशिक्षण घेऊन परतलेल्या मुलामुलींची चित्रे आणि मांडणशिल्पे असतात. आता खोल्या आणि गोदाम यांमधली भिंत काढून सगळे एकत्र मांडावे, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे, आणि त्यावरून आमच्यात सरळ दोन तट पडले आहेत.

जे विदर्भाबाहेरचे वाचक असतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. जुने गाव उठून गेले तरी त्याचे टेकाड राहते, आणि राख, शेण, हाडे, पडलेल्या मातीच्या भिंती यांनी शेकडो वर्षांत बनलेली ती माती खतासारखी चालते. म्हणून दर उन्हाळ्यात ती पूर्वी बंड्यांनी आणि आता ट्रॅक्टरने वावरात नेऊन पसरतात. घराच्या भिंतींनाही हीच माती लागते. आमच्या संग्रहालयातील बहुतेक वस्तू अशा वाहून नेलेल्या मातीतून वेचलेल्या आहेत, म्हणजे त्या कोणत्या थरात होत्या हे कोणीच सांगू शकत नाही. हे आमचे पहिले दुखणे आहे.

दुसरे दुखणे असे. आमच्याकडे काळ्या-तांबड्या खापराचा तळहाताएवढा एक तुकडा आहे. भांडे पालथे घालून भाजले की आतल्या बाजूला हवा पोहोचत नाही, म्हणून आतून ते काळे होते आणि बाहेरून तांबडे. या तुकड्याच्या आतल्या अंगाला, काठापासून दोन बोटे खाली, ओल्या मातीवर राहून गेलेला एक अंगठा आहे. त्यातल्या रेषा भिंगातून मोजता येतात. आमच्या गावच्या एका तरुण शिल्पकार मुलीने तो पाहिला आणि कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोटांचे ठसे नदीच्या गाळाच्या एका फरशीवर घेतले. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे चिरलेली असल्यामुळे त्या ठशांमधल्या रेषा जागोजागी तुटलेल्या आहेत. फरशी गावच्याच कुंभाराच्या आव्यात भाजली आणि आम्ही ती खापराच्या शेजारी ठेवली. फेब्रुवारीत एका शाळेची सहल येऊन गेली. आठवड्याने मुलांच्या वह्या पाहायला मिळाल्या, तेव्हा बऱ्याच वह्यांमध्ये ती फरशीच ‘दोन हजार वर्षांपूर्वीची’ म्हणून नोंदलेली होती आणि खापराचा उल्लेखही नव्हता. चूक मुलांची नव्हती. दोन्ही पाट्या आम्ही एकाच कागदावर, एकाच आकाराच्या अक्षरात छापल्या होत्या.

माझे मत एकत्र मांडण्याकडे झुकते, पण या वह्यांनी मला अडवले आहे. आपण सर्वांनी मोकळेपणाने लिहावे.

रेगूर

मोकळेपणाने लिहायचे तर मी विरोधात आहे. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा तिची जागा मोठी असते. नगरधनचे उदाहरण घ्या. रामटेकजवळच्या या गावी २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याचे पुरातत्त्व खाते यांनी उत्खनन केले, आणि तेथे विदर्भातील प्राचीन वाकाटक राजघराण्याची राणी प्रभावतीगुप्त हिच्या नावाचा, शंखाचे चिन्ह असलेला मातीचा मुद्रांक, म्हणजे मातीवर उमटवलेला शिक्का, मिळाला. मूठभरही नसलेल्या त्या मातीच्या गोळ्याचे मोल त्यावरच्या अक्षरांइतकेच तो जेथे मिळाला त्या जागेत आहे. नगरधन हीच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, या मताला त्याने बळ दिले. तोच मुद्रांक एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीतून बाहेर आला असता तर राणीचे नाव तेवढे कळले असते, नगर कळले नसते.

याची दुसरी बाजू पवनारला दिसते. धाम नदीकाठी विनोबांच्या परंधाम आश्रमाच्या जमिनीत खोदताना भरत-राम भेटीचे शिल्प आणि इतर कितीतरी शिल्पे निघाली. ती आश्रमात श्रद्धेने जपली गेली, हे खरोखर भाग्यच म्हणायचे. पण थर नोंदवत केलेले उत्खनन ते नव्हते, त्यामुळे त्या शिल्पांचा काळ मुख्यतः शैलीवरून ठरवावा लागतो. इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटकांची पुढची राजधानी प्रवरपूर असे मत मांडले होते. पुढे मनसरच्या हिडिंबा टेकडीवर उत्खनन झाल्यावर काही अभ्यासकांनी तो मान मनसरला दिला. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

आपल्या वस्तूंचा थर आधीच गेलेला आहे, हे आपण स्वतःच लिहिले आहे. राहिली आहे ती फक्त ‘हे खापर आहे आणि ते जुने आहे’ एवढी ओळख. शेजारी तसेच दिसणारे नवे काही ठेवून तीही पुसायची काय? त्या मुलीची फरशी चांगली असेल, मला शंका नाही. ती गोदामातच असावी.

चित्रकलेचा तास

मी वर्धा जिल्ह्यातील एका गावी शाळेत चित्रकला शिकवते. रेगूर यांचे म्हणणे मला कळते, तरी त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे ती अशी की जुनी वस्तू पुरावा असते आणि नवी वस्तू सजावट. माझ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने स्थिती नेमकी उलटी आहे. खापरे ती मुले रोज नांगराच्या तासात पाहतात. मूळ चित्र त्यांनी जन्मात पाहिलेले नसते. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, सय्यद हैदर रझा यांनी पहिले कलाशिक्षण नागपूरच्या चित्रशाळेत घेतले, ही नावे मी फळ्यावर लिहिते. त्यांची चित्रे मात्र मला मोबाइलच्या पडद्यावरच दाखवावी लागतात.

जुने आणि नवे एकत्र मांडणे हे काही आजचे खूळ नाही. जर्मनीत कोलोन शहरी पीटर झुम्थोर या वास्तुकाराने बांधलेले कोलुम्बा हे संग्रहालय २००७ साली उघडले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बखाली पडलेल्या चर्चचे आणि त्याखालच्या रोमन वस्तीचे अवशेष पोटात घेऊन ते उभे आहे, आणि वर मध्ययुगीन मूर्तींच्या शेजारी आजची चित्रे टांगलेली असतात. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयानेही २००८ साली जीर्णोद्धारानंतर दारे उघडल्यावर समकालीन कलाकारांना तेथल्या जुन्या संग्रहाला उद्देशून काम करण्यास बोलावले. कोलुम्बात वस्तूंशेजारी पाट्या नसतात, माहितीची पुस्तिका हातात देतात, आणि हे मात्र आपण मुळीच उचलू नये असे मला वाटते. तेथे येणारा माणूस अर्धे वाचून आलेला असतो. आपल्याकडे सहलीच्या बसमधून साठ मुले एकदम उतरतात.

एक भाबडी वाटेल अशी गोष्टही सांगते. नागपूरजवळच्या जुनापाणीला लोहयुगातील शिळावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती गोलाकार मांडलेले दगड, आहेत आणि त्यांतल्या काही दगडांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. मी मुलांना तेथे नेले होते. एकीने विचारले, ‘बाई, हे कुणी काढलं?’ चित्र पाहिल्यावर जो प्रश्न पडावा तोच हा प्रश्न आहे, आणि तो तिला दगडापुढे पडला.

कायदा बघा आधी

मंडळी, भिंतीचे नंतर पाहा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपये त्या काळचे असले तरी आकडा आजही तोच आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, पुरावशेष ठरते; दगडी मूर्ती व शिल्पे यांसारख्या ठरवून दिलेल्या प्रकारांची नोंदणी करावी लागते. आपल्या तीन वीरगळांची नोंदणी झाली आहे काय? झाली नसेल तर पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे आधी जा. लोक समजतात तसे लगेच कोणी काही उचलून नेत नाही. कागद नसताना मात्र उद्या कोणी बोट दाखवले तर आपल्यापाशी उत्तर नसेल.

टिनाखालचा अभियंता

मी अशा दोन जुन्या जिनांची दुरुस्ती केलेली आहे, म्हणून लिहितो. भिंत काढण्याआधी छताची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा, कशावर टेकली आहे ते पाहा. त्या काळच्या शेडमध्ये मधली भिंत पुष्कळदा नुसता आडोसा नसते, तर भार घेत असते. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंती दरवर्षी हलतात. वीरगळासारखे जड दगड भिंतीला टेकवून ठेवू नका. त्यांना जमिनीपासून वेगळा चौथरा द्या.

आता मुख्य मुद्दा. जुन्या आणि नव्या वस्तूंना एकच हवा चालत नाही, आणि या चर्चेत हे कोणी बोलले नाही. दगड आणि भाजलेली माती यांना उजेडाचे भय नाही. कापड, कागद आणि जलरंग यांना पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे माप) वर उजेड नको, असा संकेत आहे. टिनाच्या शेडची एक खिडकी उघडी राहिली तरी दुपारी त्याच्या कितीतरी पट उजेड आत येतो. ॲक्रिलिक रंग उष्णतेने मऊ आणि चिकट होतात. मे महिन्यात टिनाखाली पारा पंचेचाळीसच्या वर असतो आणि जिनाच्या तुळयांवर वर्षानुवर्षे साचलेला कापसाचा भुरा हवेत तरंगत असतो. तो चित्रावर बसला की रंगातच रुततो, मग पुसता येत नाही. लोखंडाचे शत्रू वेगळे आहेत. त्याला पावसाळ्याची दमट हवा खाते. हत्यारे घट्ट झाकणाच्या काचपेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्यांचा निळा रंग गुलाबी झाला की त्या भट्टीत वाळवून परत वापरा. स्वस्त उपाय आहे, पण दर पंधरा दिवसांनी कोणीतरी पेटीकडे पाहिले पाहिजे.

तेव्हा एकत्र मांडायचेच असेल तर निदान लोखंड आणि कागद एकाच खिडकीखाली येऊ देऊ नका.

खापरवेडा

अभियंताभाऊ, कैचीची गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आली नव्हती. पाहून सांगतो. वीरगळांची नोंदणी झालेली आहे, पावत्या माझ्याकडे आहेत. लोखंडी हत्यारांविषयी आम्ही सध्या विचारणा करत आहोत.

लोखंडावरून आठवले. विदर्भातील शिळावर्तुळांच्या उत्खननांत, माहुरझरी आणि नायकुंड येथे, चपट्या लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या आहेत आणि त्यांना दांड्याशी जखडणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्याही. नायकुंडला तर लोखंड वितळवण्याची भट्टीच सापडली. आमच्याकडे तशा एका कुऱ्हाडीचा गंजून पापुद्रे सुटलेला तुकडा आहे. गावच्या लोहारकाकांना तो दाखवला, तेव्हा त्यांनी पट्टीची रीत ओळखली आणि आठवडाभराने तशीच एक कुऱ्हाड घडवून आणून दिली. ती आम्ही कोठे ठेवावी? ती कलाकृती आहे, नक्कल आहे की पुराव्याचे स्पष्टीकरण आहे? लोहारकाका म्हणतात, ‘मी तर वस्तू केली, बाकी तुम्ही ठरवा.’

रेगूर

ती कुऱ्हाड मात्र शेजारी ठेवा. माझा विरोध नव्या वस्तूला नाही, फसव्या शेजाराला आहे. लोहारकाकांची कुऱ्हाड मूळ तुकड्याविषयी काही सांगते: पट्टी का होती, ती तापवून कशी बसवली, दांडा कसा धरला. त्या फरशीने खापराविषयी काय सांगितले?

चित्रकलेचा तास

तिने सांगितले की खापर कोणाच्या तरी हातून झाले, आणि तो हात कामाचा होता. आपली उत्खननाची टिपणे भांड्याचा प्रकार, भाजणी, काठाचा व्यास हे सगळे सांगतात आणि हात तेवढा विसरतात.

पांढरीवरची सून

मी क्वचितच लिहिते. ज्या पांढरीची माती आपण म्हणता ती आमच्या वावराच्या धुऱ्याला लागून आहे आणि संग्रहालयातला भाजलेल्या मातीचा मोठा बैल आमच्या सासऱ्यांनी दिलेला आहे. घराची भिंत सारवण्यासाठी माती आणली होती, त्यात तो निघाला. पायांना आरपार भोके आहेत. सासरे तेव्हाच म्हणाले की यात काडी घालून चाके लावत असतील, म्हणजे हा आपल्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचा आजा दिसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरे चाकाचे लाकडी नंदी सजवून घरोघरी फिरतात, हे विदर्भाबाहेरच्या मंडळींना माहीत नसेल.

मला फक्त एक विचारायचे आहे. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते आणि ते असलेच पाहिजे. बैलाखाली नुसते ‘पक्वमृदा, प्राचीन’ असे लिहिले आहे. तो कोणत्या शिवारातून आला, कोणी दिला, यातले काही नाही. आम्हाला पैसे नको होते आणि आजही नको आहेत. पण रेगूरदादा म्हणतात तसे वस्तूची जागाच मोठी असेल, तर ती जागा तुमच्याच पाटीवर का नाही?

रेगूर

ताई, आपला मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे आणि तो मीच मांडायला हवा होता. एकच सावधगिरी सुचवतो. गट क्रमांक किंवा नेमकी खूण पाटीवर लिहू नये. आपल्या भागात गुप्तधनाच्या वेडापायी रात्री-बेरात्री टेकाडे खोदली जातात, कधी त्यांबरोबर अघोरी प्रकारही होतात. पाटी वाचून कोणी कुदळ घेऊन आपल्या धुऱ्यावर यायला नको. शिवाराचे नाव आणि देणाऱ्याचे नाव पाटीवर, नेमकी जागा आतल्या नोंदवहीत. आणि बैल खेळणे होता की नवसाचा होता हे निश्चित सांगता येणार नाही, म्हणून पाटीवर ‘चाके लावण्यासाठी असावीत अशी भोके’ एवढेच लिहावे.

पांढरीवरची सून

पटले. दोन वर्षांपूर्वी तसे एकदा खोदून झालेच आहे, म्हणून मीही गट क्रमांक मागितला नाही.

चित्रकलेचा तास

यातून कलाकारांनाही एक शिस्त लावता येईल. जो कोणी जुन्या वस्तूला उद्देशून काम करेल, त्याने आधी त्या शिवारात जाऊन यावे आणि आपल्या पाटीवर ते शिवार लिहावे. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले, आणि ती जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडिताखाली येते. ज्या जागेवर उद्या पाणी उभे राहील तिच्याविषयी चित्रकाराने काम करायचे नाही, तर कोणी करायचे? पुरातत्त्वज्ञाचा अहवाल गावात कोणी वाचत नाही, हे कडू असले तरी खरे आहे.

रेगूर

अहवाल मराठीत नसतो म्हणून वाचत नाहीत. पण तो वेगळा धागा होईल.

टिनाखालचा अभियंता

मांडणीपुरती एक सूचना. जुन्या वस्तूंना काळ्या दगडाची फरशी आणि नव्यांना सागाची फळी, असे बूड वेगळे ठेवा. अक्षर न वाचणाऱ्या लेकरालाही दोन दिवसांत फरक कळेल. दगडी फरशी आणि साग दोन्ही आपल्याकडे मिळतात, बाहेरून काही मागवावे लागणार नाही. लोहाराची कुऱ्हाड अर्थातच सागावर.

कायदा बघा आधी

आणि नोंदवही दोन प्रतींत ठेवा, एक संग्रहालयात आणि एक बाहेर. आग लागली की जिनाची शेड कशी जाते ते सगळ्यांनी पाहिलेले आहे.

खापरवेडा

काल समितीची बैठक झाली. कैची खरोखरच मधल्या भिंतीवर टेकलेली निघाली, त्यामुळे भिंत राहणार. तिच्यात आधीपासून असलेले आणि विटांनी बुजवलेले एक दार मात्र उघडता येते असे मिस्त्री म्हणतात. म्हणजे पूर्ण एकत्र नाही आणि पूर्ण वेगळेही नाही, असे काहीतरी होईल. रेगूर यांचे समाधान झाले नसेल, माझेही पुरते झालेले नाही. खापर आणि फरशी दाराच्या दोन बाजूंना, एकमेकांसमोर दिसतील अशी ठेवत आहोत, एक काळ्या दगडावर आणि एक सागावर. दारात उभे राहिले की दोन्ही दिसतात, पण कोणाचीही पाटी दुसऱ्याच्या वस्तूखाली येत नाही. सहलीची मुले पुन्हा आली की त्यांच्या वह्या मी मागून घेणार आहे.

बैलाची नवी पाटी अशी केली आहे, तपासून सांगावे: ‘बैल. भाजलेली माती. चाके लावण्यासाठी असावीत अशी पायांत आरपार भोके. आंबराईच्या शिवारातील पांढरीच्या मातीत, घराच्या भिंतीसाठी माती आणताना मिळाला.’ त्याखाली सासऱ्यांचे पूर्ण नाव येईल. ते येथे लिहीत नाही. तान्ह्या पोळ्याला लेकरांचे लाकडी नंदी आणून याच बैलासमोर ओळीने उभे करावेत असेही ठरले आहे. अभियंताभाऊंनी आधीच बजावल्याप्रमाणे त्या दमट दिवसांत लोखंडी हत्यारांची काचपेटी उघडली जाणार नाही.

पांढरीवरची सून

पाटी चांगली झाली आहे. फक्त ‘आंबराई’ नव्हे, आमच्याकडे त्या शिवाराला ‘आंब्याचे वावर’ म्हणतात. आंबराई नदीपलीकडची, तिचा आमच्याशी संबंध नाही. तेवढे छापण्याआधी दुरुस्त करावे.